ट्यूब प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प यांची जोडी कशी जुळवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत असतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. प्रीअ‍ॅम्प म्हणजे सोर्स निवडून व्हॉल्यूम सांभाळणारी पेटी, पॉवर अ‍ॅम्प म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारी. सोप्यापासून अडनिड्यापर्यंत असा क्रम लावला आहे. विचारणारे बहुतेक जण इम्पिडन्सची (सिग्नलला होणाऱ्या अडथळ्याची) काळजी घेऊन येतात, पण खोदून पाहिलं की दुखणं बऱ्याचदा गेनचं (सिग्नल किती पट वाढतो त्याचं) निघतं. घाईत असाल तर आधी प्रश्न ९ वाचा.

१. प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प वेगवेगळे कशाला घ्यायचे? इंटिग्रेटेडमध्ये (दोन्ही एकाच पेटीत) काय कमी आहे?

काहीच कमी नाही. उलट इंटिग्रेटेडमधली आतली जुळवाजुळव बनवणाऱ्याने करून दिलेली असते. पेट्या वेगळ्या घेतल्या की ते काम आपल्या गळ्यात पडतं. वेगळ्या घेण्याची पटणारी कारणं दोनतीनच आहेत. नाजूक सिग्नलचा भाग मोठ्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब ठेवता येतो, पुढेमागे एकच पेटी बदलता येते, किंवा एक पेटी आधीच घरात असते. ‘वेगळं म्हणजे आवाज आपोआप भारी’ हे कारण त्यात धरू नका.

२. ट्यूब प्रीअ‍ॅम्पला ट्रान्झिस्टरचा पॉवर अ‍ॅम्प चालतो का, की ट्यूबला ट्यूबच लागते?

चालतो. मात्र आकडे पाहून. ट्यूबच्या पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट इम्पिडन्स सहसा १०० किलोओहम किंवा त्याहून जास्त असतो. १९५९ सालच्या डायनाको स्टिरिओ ७० चा तर ४७० किलोओहम आहे. अशा अ‍ॅम्पसमोर बहुतेक कोणताही ट्यूब प्रीअ‍ॅम्प निवांत चालतो. ट्रान्झिस्टर आणि क्लास डी अ‍ॅम्पचा इनपुट मात्र साधारण १० ते ४७ किलोओहम असतो आणि तिथे काही ट्यूब प्रीअ‍ॅम्पची दमछाक होते. ‘ट्यूबला ट्यूबच’ हा समज यातूनच आला असावा.

उलट जोडीत, म्हणजे ट्रान्झिस्टरचा प्रीअ‍ॅम्प आणि ट्यूबचा पॉवर अ‍ॅम्प, इम्पिडन्सची चिंता जवळजवळ नसते.

३. नेमके कोणते आकडे बघायचे?

प्रीअ‍ॅम्पचे तीन: आउटपुट इम्पिडन्स, गेन आणि आउटपुटचा कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून सिग्नल पुढे सोडणारा) किती मायक्रोफॅरडचा आहे तो आकडा. पॉवर अ‍ॅम्पचे दोन: इनपुट इम्पिडन्स आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती व्होल्ट दिल्यावर तो पूर्ण ताकदीने वाजतो. कपॅसिटरचा आकडा माहितीपत्रकात बहुधा नसतो आणि नेमका तोच सगळ्यात कामाचा असतो. बनवणाऱ्याला विचारा. आपल्याकडचे हाताने ट्यूब अ‍ॅम्प बांधणारे कारागीर हे विचारलं की खुशीने सांगतात. जो सांगायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेताना दोनदा विचार करा.

४. ‘दहापट’चा नियम म्हणजे काय?

पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट इम्पिडन्स प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुट इम्पिडन्सच्या निदान दहापट असावा, असा तो ठोकताळा आहे. दोन्ही मिळून व्होल्टेजची वाटणी होते. दहापट असेल तर सिग्नल फक्त ०.८ डेसिबलने घटतो, दोन्ही सारखे असतील तर ६ डेसिबलने.

आता ६ डेसिबल घटले म्हणून आभाळ कोसळत नाही, व्हॉल्यूम थोडा वाढवला की काम झालं. अडचण दुसरीकडे आहे. आउटपुट इम्पिडन्स सगळ्या फ्रीक्वेन्सींना सारखा नसतो. खाली बेसकडे जाऊ तसा तो वाढतो, आणि माहितीपत्रकातला आकडा बहुतेक वेळा १ किलोहर्ट्झचा असतो. म्हणजे बेस जास्त घटतो, बाकीचं कमी. पुढचं उत्तर त्याबद्दलच आहे.

५. माझ्या प्रीअ‍ॅम्पच्या कागदावर ६०० ओहम लिहिलंय आणि पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट १० किलोओहम आहे. म्हणजे सोळापट झाले. तरी बेस बारीक का?

कपलिंग कपॅसिटरमुळे. ट्यूबच्या आउटपुटवर शंभर-दोनशे व्होल्ट डीसी असतं. ते अडवून फक्त संगीत पुढे सोडायला शेवटी एक कपॅसिटर बसवतात. हा कपॅसिटर आणि पुढच्या अ‍ॅम्पचा इनपुट इम्पिडन्स मिळून एक हाय-पास फिल्टर (खालच्या फ्रीक्वेन्सी घटवणारा) तयार होतो. त्याचं तोंडपाठ ठेवण्यासारखं सूत्र असं: १५९ ला किलोओहम आणि मायक्रोफॅरडच्या गुणाकाराने भागायचं. येतो तो हर्ट्झ, म्हणजे आवाज जिथे ३ डेसिबलने उतरलेला असतो ती जागा.

तुमच्यासारख्या बऱ्याच प्रीअ‍ॅम्पमध्ये तो कपॅसिटर ०.४७ मायक्रोफॅरडचा असतो. १०० किलोओहमच्या ट्यूब अ‍ॅम्पसमोर उत्तर येतं ३.४ हर्ट्झ, काळजी नाही. ४७ किलोओहमसमोर ७ हर्ट्झ, तेही ठीक. १० किलोओहमसमोर मात्र ३४ हर्ट्झ. म्हणजे ४० हर्ट्झलाच दोनसव्वादोन डेसिबल गेले आणि २० हर्ट्झला जवळपास सहा. डग्ग्याचा घुमारा पोकळ वाटतो, पखवाजाची खालची बाजू हलकी होते, आणि लोक स्पीकरला दोष देत बसतात.

मी स्वतः हे उत्तर ५ हर्ट्झच्या आत यावं असं धरतो. कान २० हर्ट्झच्या खाली ऐकत नाही हे खरं, पण फिल्टरचा फेज-बदल (लहरींचं मागेपुढे सरकणं) त्याच्या जागेच्या बराच वरपर्यंत जाणवत राहतो. छोटे बुकशेल्फ स्पीकर असतील तर १० हर्ट्झसुद्धा चालेल.

६. मग मोठा कपॅसिटर टाकला की झालं?

पुष्कळदा हो. ०.४७ काढून २.२ मायक्रोफॅरडचा चांगला फिल्म कपॅसिटर टाकला तर १० किलोओहमसमोर ३४ हर्ट्झचे ७ हर्ट्झ होतात. कपॅसिटर निदान ४०० व्होल्टचा घ्या, ६३० चा मिळाला तर उत्तम. आकाराने तो बराच मोठा असतो, पेटीत मावतो का ते आधी पाहा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. मोठा कपॅसिटर भरायला जास्त वेळ घेतो, त्यामुळे चालू करताना स्पीकरमधून येणारा ‘धप्’ वाढतो. त्यासाठी प्रश्न १६ पाहा. दुसरी जास्त महत्त्वाची: प्लग काढल्यावरही ट्यूबच्या पेटीत अडीचतीनशे व्होल्ट बराच वेळ साठून राहू शकतात. आधी डिस्चार्ज करायचं, मीटर लावून खात्री करायची आणि मगच सोल्डरिंगला हात घालायचा. हे कधी केलेलं नसेल तर जाणकाराकडे द्या, शंभर-दोनशे रुपयांच्या कामासाठी जीव धोक्यात घालू नका.

७. माझ्या प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुटला कॅथोड फॉलोअर (गेन न देता आउटपुट इम्पिडन्स कमी करणारा ट्यूबचा टप्पा) आहे. म्हणजे तो कशालाही चालणार ना?

इम्पिडन्सच्या हिशोबाने हो, करंटच्या हिशोबाने नाही. या दोन गोष्टींची गल्लत जाणते लोकही करतात.

१२एएक्स७ म्हणजेच ईसीसी८३ ही ट्यूब कॅथोड फॉलोअर म्हणून लावली तर आउटपुट इम्पिडन्स ६०० ओहमच्या आसपास येतो, दिसायला झकास. पण ती ट्यूब तिथे जेमतेम १ मिलीअँपिअरवर चालत असते. १० किलोओहमच्या लोडला (पुढच्या अ‍ॅम्पच्या इनपुटला) ती कागदोपत्री फार तर १० व्होल्टचं शिखर देऊ शकते, आणि डिस्टॉर्शन त्याच्या कितीतरी आधी वाढायला लागतं. पॉवर अ‍ॅम्पला एकदोन व्होल्टच हवे असतील तर निभावतं, पण ऐसपैस नाही.

१२एयू७, ६एसएन७ किंवा ६डीजे८ कॅथोड फॉलोअर म्हणून असतील तर त्या कितीतरी जास्त करंटवर चालवता येतात आणि लोड सहज पेलतात. ६डीजे८ चा आउटपुट इम्पिडन्स तर शंभर ओहमच्या आसपास येतो. दुसऱ्या टोकाला, कॅथोड फॉलोअर नसलेला आणि सिग्नल थेट १२एएक्स७ च्या प्लेटवरून घेणारा साधा प्रीअ‍ॅम्प पाहा. त्याचा आउटपुट इम्पिडन्स ४० किलोओहमच्या घरात जातो. त्याच्यासमोर फक्त ट्यूबचा पॉवर अ‍ॅम्प ठेवा आणि केबल आखूड ठेवा, प्रश्न १३ प्रमाणे.

८. माहितीपत्रकच नाही. आउटपुट इम्पिडन्स घरी मोजता येईल का?

येईल, मल्टिमीटर आणि १० किलोओहमचा एक रेझिस्टर पुरे. फोनवरून ४०० हर्ट्झचा टोन प्रीअ‍ॅम्पला द्या. १ किलोहर्ट्झ नको, कारण स्वस्तातले बरेच मीटर ४०० हर्ट्झच्या पुढे खोटं बोलतात. पॉवर अ‍ॅम्प सोडवून ठेवा. प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्टेज मोजा आणि व्हॉल्यूम फिरवून ते बरोबर १ व्होल्टवर आणा. आता आउटपुटच्या दोन टोकांवर १० किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि पुन्हा मोजा.

समजा मीटरने ०.८० दाखवलं. घटलेलं व्होल्टेज ०.२०, उरलेलं ०.८०. घटलेल्याला उरलेल्याने भागा आणि १० ने गुणा: उत्तर २.५ किलोओहम. आता हाच प्रयोग ५० हर्ट्झच्या टोनने करा. रेझिस्टर लावल्यावर ०.८० च्या जागी ०.७० दिसलं तर समजा की आउटपुटचा कपॅसिटर ०.४७ च्या आसपास आहे आणि प्रश्न ५ तुम्हाला लागू आहे. आकडा जवळपास तेवढाच राहिला तर कपॅसिटर पुरेसा मोठा आहे.

९. व्हॉल्यूम जरासा फिरवला की घर दणाणतं, आणि खाली आणला तर एकाच बाजूने वाजतं. बिघाड आहे का?

बिघाड नाही, गेन जास्त झालाय. ही तक्रार सगळ्यात जास्त येते, म्हणून हिशोबच मांडतो.

सीडी प्लेयर किंवा डॅक (डिजिटल संगीताचा सिग्नल बनवणारी पेटी) साधारण २ व्होल्ट देतो. ट्यूब प्रीअ‍ॅम्पचा गेन २० डेसिबल, म्हणजे दहापट, असला तर पूर्ण उघडल्यावर २० व्होल्ट तयार होतात. पॉवर अ‍ॅम्पला मात्र पूर्ण ताकदीसाठी १ व्होल्ट पुरतो. म्हणजे नुसतं पूर्ण ताकदीपर्यंत यायला तुम्हाला व्हॉल्यूमने २६ डेसिबल मारावे लागतात, आणि घरात रोज ऐकायचा आवाज त्याच्याही वीसतीस डेसिबल खाली असतो. त्यामुळे बटण कायम सुरुवातीच्या कोपऱ्यातच राहतं. व्हॉल्यूमच्या पॉटचे (बटणामागच्या बदलत्या रेझिस्टरचे) दोन भाग, डावा आणि उजवा, नेमके त्याच कोपऱ्यात एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून आवाज एका बाजूला झुकतो. जुन्या अ‍ॅम्पमध्ये हे आणखी ठळक होतं. ट्रान्झिस्टरचा क्वाड ४०५ घ्या, त्याला पूर्ण ताकदीसाठी अर्धा व्होल्टच पुरतो.

उपाय सोपा आहे. आधी पॉवर अ‍ॅम्पच्या मागे लेव्हलचा नॉब आहे का पाहा, असेल तर तो कमी करा. नसेल तर पॉवर अ‍ॅम्पच्या इनपुटपाशी अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल घटवणारी रेझिस्टरची जोडी) लावा. तयार मिळतात, घरीही होतात. प्रत्येक चॅनेलला २२ किलोओहमचा रेझिस्टर रांगेत आणि १० किलोओहमचा इनपुट व ग्राउंडच्या मध्ये टाकला की सुमारे ११ डेसिबल घटतात. हे सगळं आरसीए प्लगच्या पोटात मावतं. प्रीअ‍ॅम्पला तेव्हा सुमारे ३० किलोओहमचा लोड दिसतो. आउटपुट इम्पिडन्स तीनेक किलोओहमच्या आत असेल तर तो त्याला सहज झेपतो.

अ‍ॅटेन्युएटर पॉवर अ‍ॅम्पपाशीच लावा, सीडी प्लेयर आणि प्रीअ‍ॅम्पच्या मध्ये नको. पॉवर अ‍ॅम्पपाशी लावल्याने प्रीअ‍ॅम्पच्या ट्यूबची सरसरसुद्धा तेवढ्याच डेसिबलने खाली येते. मला विचाराल तर यापेक्षा स्वस्तात यंत्रणा सुधारत नाही. लोक मात्र केबलवर दहा हजार घालतात आणि वीस रुपयांचे रेझिस्टर लावायचं टाळतात.

१०. गेन कमी करायला १२एएक्स७ च्या जागी १२एयू७ लावली तर?

सॉकेटमध्ये बसते, पिनही जुळतात, आणि गेनही कमी होतो, कारण १२एएक्स७ चा मू (ट्यूब सिग्नल किती वाढवू शकते तो आकडा) १०० आणि १२एयू७ चा २० च्या आसपास. पण सर्किटचे रेझिस्टर १२एएक्स७ साठी ठरवलेले असतात. १२एयू७ ला वेगळा बायस (ट्यूबला चालवण्याचा ठरवलेला बिंदू) आणि जास्त करंट लागतो. ती चुकीच्या जागी अडकून चालते, कधी डिस्टॉर्शन वाढतं, कधी फीडबॅकवर चालणाऱ्या सर्किटचा तोल जातो. गेन थोडाच कमी करायचा असेल तर ५७५१ लावून पाहा. तिचा मू ७० च्या आसपास आहे आणि ती १२एएक्स७ च्या जागी बिनतक्रार चालते. जास्त कमी करायचा असेल तर प्रश्न ९ चा उपाय बरा.

६डीजे८ मात्र कधीच लावू नका. तीही नऊ पिनांची आहे आणि सॉकेटमध्ये निमूट बसते, पण तिची हीटरची (ट्यूब तापवणाऱ्या तारेची) जोडणी वेगळी आहे. १२.६ व्होल्टवर चालणाऱ्या सॉकेटमध्ये तिच्या ६.३ व्होल्टच्या हीटरला दुप्पट व्होल्टेज मिळतं. ६डीजे८ च्या जागी रशियन ६एन१पी लावणाऱ्यांनीही जपावं. तिचा हीटर ०.६ अँपिअर खातो, ६डीजे८ चा ०.३६५. ट्रान्सफॉर्मर तेवढा मोठा नसेल तर तापतो.

११. गाणं थांबलं की स्पीकरमधून ‘स्स’ असा आवाज येतो. कोणाचा?

व्हॉल्यूम शून्यावर ठेवा. आवाज कमी झाला तर तो मागून, म्हणजे सोर्स (सीडी प्लेयर, डॅक) किंवा फोनोकडून (रेकॉर्ड प्लेयरच्या टप्प्याकडून) येतोय. तसाच राहिला तर व्हॉल्यूमच्या पुढच्या ट्यूबचा किंवा पॉवर अ‍ॅम्पचा. आता दोन्ही बंद करून प्रीअ‍ॅम्पची केबल काढा, पॉवर अ‍ॅम्पच्या इनपुटला शॉर्टिंग प्लग (सिग्नल आणि ग्राउंड एकत्र जोडणारा) लावा आणि फक्त पॉवर अ‍ॅम्प चालू करा. शांत झाला तर दोष प्रीअ‍ॅम्पचा. मग डावीउजवीकडच्या ट्यूब एकमेकींच्या जागी लावा. आवाजही बाजू बदलून गेला तर ती ट्यूबच म्हातारी झाली आहे.

थोडी सरसर ट्यूबच्या नशिबीच असते. ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरवर ती ऐकू येत नाही, तीच १०० डेसिबलच्या हॉर्न स्पीकरवर १४ डेसिबल मोठी होऊन येते. हॉर्नवाल्यांना अ‍ॅटेन्युएटर जवळजवळ अनिवार्यच आहे.

१२. हम (‘हूं’ असा सलग आवाज) येतोय. मेकॅनिक म्हणतो अर्थिंगची पिन काढून टाका. काढू का?

अजिबात नाही. दोन्ही पेट्यांना थ्री-पिन प्लग असले की अर्थ दोन वाटांनी जोडला जाऊन लूप होतो आणि ५० हर्ट्झचा हम येतो, हे खरं. पण पिन काढली आणि उद्या आत काही सुटून धातूच्या पेटीला टेकलं तर चारशे व्होल्ट तुमच्या हातात येतील.

आधी दोन्ही पेट्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. सिग्नलची केबल पॉवरच्या केबलपासून आणि ट्रान्सफॉर्मरपासून दूर न्या. सेटटॉप बॉक्सची किंवा डिशची केबल स्टिरिओला जोडली असेल तर ती काढून पाहा, हमचं मूळ अनेकदा तिथेच सापडतं. एवढ्याने भागलं नाही तर सोर्स आणि प्रीअ‍ॅम्पच्या मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. गेनही जास्त असेल तर हम तेवढाच मोठा ऐकू येतो, म्हणून प्रश्न ९ इथेही लागू आहे. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर हम वाढत असेल तर स्टिरिओला दोष देऊ नका. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तो वाढणारच.

१३. पॉवर अ‍ॅम्प स्पीकरजवळ आणि प्रीअ‍ॅम्प खुर्चीजवळ ठेवायचाय. पाच मीटर केबल चालेल का?

आउटपुट इम्पिडन्सवर अवलंबून आहे. साधी आरसीए केबल मीटरला शंभरेक पिकोफॅरडची असते, म्हणजे पाच मीटरला ५००. प्रीअ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स २ किलोओहम असेल तर ट्रेबल १५९ किलोहर्ट्झपर्यंत शाबूत राहतो. तोच ४० किलोओहम असेल तर ८ किलोहर्ट्झलाच ३ डेसिबल उतरतो. झांज, टाळ, सतारीची जवारी सगळं मऊ पडतं. काही जण त्यालाच ‘ट्यूबचा उबदार आवाज’ म्हणतात. असो.

१४. एकाच प्रीअ‍ॅम्पला पॉवर अ‍ॅम्प आणि सबवूफर दोन्ही जोडले तर?

दोघांचे इनपुट समांतर होतात. १०० किलोओहमचा ट्यूब अ‍ॅम्प आणि २० किलोओहमचा सबवूफर मिळून सुमारे १७ किलोओहमच उरतात. त्याने फक्त सबवूफर नाही, मुख्य स्पीकरचाही बेस पातळ होऊ शकतो. हिशोब प्रश्न ५ प्रमाणेच, फक्त मिळून आलेला आकडा घाला. सबवूफरला हाय-लेव्हल इनपुट असेल तर तो पॉवर अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवरून घ्या. प्रीअ‍ॅम्पवर भार पडत नाही आणि सबला मुख्य अ‍ॅम्पचाच स्वभाव मिळतो.

१५. दोन्हीकडे एक्सएलआर (तीन पिनांचा कनेक्टर) आहे. तेच वापरू?

प्रीअ‍ॅम्प आतून खरोखर बॅलन्स्ड (सरळ आणि उलटा असे दोन सिग्नल देणारा) असेल तर हो. पण पुष्कळ ट्यूब प्रीअ‍ॅम्पमध्ये एक्सएलआर नुसता सोयीसाठी बसवलेला असतो, आत सिंगल-एंडेडच (एकाच सिग्नलचं) असतं. तिथे वापरून तोटा नाही आणि फायदाही नाही. खऱ्या बॅलन्स्ड आउटपुटला लेव्हल सहसा ६ डेसिबल जास्त येते, प्रश्न ९ ची अडचण असणाऱ्यांनी ते धरून चालावं.

एक्सएलआर-ते-आरसीए केबल घेताना बनवणाऱ्याला विचारा. आउटपुटला ट्रान्सफॉर्मर असेल तर तीन नंबरची पिन ग्राउंडला जोडावी लागते. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या बॅलन्स्ड आउटपुटला तीच जोडली तर अर्धं सर्किट शॉर्ट होतं.

१६. आधी काय चालू करायचं?

आधी प्रीअ‍ॅम्प. मिनिटभर गरम होऊ द्या आणि मग पॉवर अ‍ॅम्प. बंद करताना उलट. आउटपुटचा कपॅसिटर भरताना मोठा धक्का पुढे जातो, आणि पॉवर अ‍ॅम्प चालू असेल तर तो थेट वूफरवर बसतो. म्यूटिंग रिले असलेल्या प्रीअ‍ॅम्पमध्ये हे आपोआप सांभाळलं जातं, तरी सवय लावून घ्या.

जुना प्रीअ‍ॅम्प असेल तर एक तपासणी जरूर करा. पॉवर अ‍ॅम्प न जोडता आउटपुटवर ४७ किलोओहमचा रेझिस्टर लावा, पाच मिनिटं गरम करा आणि डीसी व्होल्टेज मोजा. दोनचार मिलिव्होल्ट ठीक. शंभरदोनशे दिसले तर कपॅसिटर गळतोय. असा प्रीअ‍ॅम्प डीसी-कपल्ड (डीसी न अडवणाऱ्या) ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला जोडलात तर ते डीसी वाढून स्पीकरपर्यंत पोहोचतं आणि व्हॉइस कॉइल जळते. साठ वर्षांपूर्वीच्या कागदी कपॅसिटरवर तर विश्वासच ठेवू नका.

आणि ट्यूबचा पॉवर अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधी वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

१७. जुना क्वाड २२ प्रीअ‍ॅम्प मिळाला आहे. त्याला नवा पॉवर अ‍ॅम्प लावता येईल?

तसाच्या तसा नाही. क्वाड २२ ला स्वतःचा पॉवर सप्लाय नाही. तो हीटर आणि एचटी (ट्यूबचं उंच डीसी) दोन्ही व्होल्टेज क्वाड टू पॉवर अ‍ॅम्पकडून, जाड मल्टिकोर केबलमधून घेतो. त्या काळच्या काही इंग्लिश जोड्या अशाच असत. वेगळा सप्लाय बांधून घेतला तरच २२ एकटा चालेल. २२ शिवाय क्वाड टू मात्र आजच्या प्रीअ‍ॅम्पवर छान चालतो. त्याला १५ वॉटसाठी १.४ व्होल्ट लागतात, म्हणजे गेनची भानगडही कमी. २२ चा भार गेल्यामुळे आतलं एचटी थोडं चढतं, तेवढं तपासून घ्या.

१८. अमेरिकेतला भाऊ येताना ट्यूब अ‍ॅम्प आणतोय. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावला की चालेल ना?

व्होल्टेजचा प्रश्न सुटतो, फ्रीक्वेन्सीचा नाही. तिकडे १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. मागच्या पट्टीवर ‘५०/६०’ लिहिलं असेल तर निर्धास्त आणा. फक्त ६० लिहिलं असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर इथे वीस टक्के जास्त ताण येतो, तो तापतो आणि गुणगुणतो. मेच्या उन्हाळ्यात तर नकोच. स्टेपडाउन घेताना अ‍ॅम्पच्या वॉटच्या दीडपट तरी मोठा घ्या. दोन पेट्या असतील आणि एकच स्टेपडाउनवर असेल तर हमसाठी प्रश्न १२ पाहा.

१९. प्रीअ‍ॅम्प ‘फेज इन्व्हर्ट’ करतो असं लिहिलंय. काही करावं लागेल?

एकाच ट्यूबचा साधा टप्पा असेल तर सिग्नल उलटा होतो. दोन्ही स्पीकरच्या मागे लाल-काळ्या तारांची अदलाबदल करा, झालं. एकाच बाजूची बदलाल तर बेस गायब होईल. फरक ऐकू येतो का यावर वाद आहेत. मला क्वचितच आला. मात्र त्याच प्रीअ‍ॅम्पवरून सबवूफर चालवत असाल तर सबचा फेज स्विच त्याप्रमाणे लावा.

२०. गेन नकोच आहे तर ट्यूब प्रीअ‍ॅम्प हवा कशाला? डॅक थेट पॉवर अ‍ॅम्पला जोडू?

जोडता येतो. २ व्होल्टचा डॅक आणि २६ डेसिबलचा, म्हणजे वीसपट वाढवणारा अ‍ॅम्प, यांतून ४० व्होल्ट निघतात, ८ ओहमला २०० वॉट. तेवढी ताकद असलेला अ‍ॅम्प घरात बहुधा नसतोच. सोर्स एकच असेल आणि डॅकला चांगला व्हॉल्यूम असेल तर प्रीअ‍ॅम्प खरंच लागत नाही. पॅसिव्ह प्रीअ‍ॅम्पही चालेल. १० किलोओहमच्या पॉटचा आउटपुट इम्पिडन्स फार तर अडीच किलोओहम होतो. १०० किलोओहमचा पॉट मात्र २५ वर जातो, तो टाळा.

ट्यूब प्रीअ‍ॅम्प घ्यायचा तो अनेक सोर्ससाठी, रेकॉर्ड प्लेयरच्या फोनो स्टेजसाठी, आणि अर्थात त्याच्या आवाजासाठी. तो आवाज आवडतो म्हणून घेणं यात काहीही गैर नाही, फक्त घेताना गेन कमी असलेला शोधा. १० डेसिबल पुरे होतात.

२१. जोडी दुकानात तपासायची तर काय करू?

स्वतःचा पॉवर अ‍ॅम्प घेऊन जा, किंवा प्रीअ‍ॅम्प दोन दिवस घरी मागा. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून कान स्पीकरला लावा आणि सरसर, हम ऐका. मग ओळखीचं रेकॉर्डिंग लावा, ज्यात डग्गा किंवा पखवाज मोकळा वाजतो. रोजच्या आवाजाला व्हॉल्यूमचं बटण घड्याळाच्या दहा ते एकच्या दरम्यान येतंय का पाहा. आठवर अडलं तर गेन जास्त आहे. शेवटी प्रत्येक ट्यूबवर पेन्सिलच्या रबराची बाजू हळूच टिचकवा. स्पीकरमधून ‘टिंग’ असा लांबत जाणारा आवाज आला तर ती ट्यूब मायक्रोफोनिक आहे, तिथल्या तिथे बदलून मागा.